पांढरीवरचे ओझे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



‘गतास निरोप आणि नवा आरंभ’ या विषयावर चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले, जन्मभर प्राथमिक शाळेत खडू झिजविलेले. तत्त्वज्ञान सांगण्याचा आमचा अधिकार नव्हे. ‘झाले गेले विसरून जावे’ हा उपदेश मात्र समाचारास आलेल्या मंडळींच्या तोंडून आम्ही पुष्कळ वेळा ऐकला आहे, आणि ज्यास तो केला जातो त्याच्या मुद्रेवर काय उमटते तेही पाहिले आहे. तेव्हा उपदेश बाजूस ठेवून किल्लारीच्या मुलखात जे पाहिले तेवढेच निवेदन करतो.

इ. स. १९९३ च्या सप्टेंबरची ३० तारीख. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून गावे निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, राजेगाव इत्यादी गावे पाहता पाहता ढिगारे होऊन पडली. आठ ते दहा हजार माणसे दगावली. आम्ही त्याच पट्ट्यातील एका खेड्यात शिक्षक होतो. बिऱ्हाड शेजारच्या गावी होते म्हणून आज आपल्यापुढे उभे आहोत.

एवढी माणसे का गेली? त्या भूकंपाहून मोठे भूकंप जगात अनेक झाले आणि त्यांत माणसे कमी गेली. येथे घात केला तो घरांनी. आमच्या मराठवाड्यात शेतीच्या जमिनीस काळी म्हणतात आणि गावठाणास पांढरी. त्या पांढऱ्या मातीत दगड बसवून दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती उभ्या करावयाच्या आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद घालावयाचे, ही तेथील घराची रीत. भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर यांस सांधणारे आरपार दगड बहुधा नसत. माळवद पावसाळ्यात गळू लागले की वर आणखी मातीचा एक थर चढे. आज्याने घातलेल्या थरावर बापाने थर घातला, बापाच्या थरावर मुलाने घातला. यात कोणाचाही अविचार नव्हता. उन्हाळ्यात त्या माळवदाखाली जो गारवा असे तो सिमेंटच्या घरात कधी मिळाला नाही, हे आजही तेथील वृद्ध सांगतात आणि ते खरे आहे. प्रत्येक थर घर राखण्यासाठीच घातलेला होता. पण त्या सर्वांचे मिळून जे ओझे झाले ते त्या पहाटे निजलेल्यांच्या अंगावर आले.

पुढे पुनर्वसन झाले. ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या जागी पूर्णपणे वसविण्यात आली. जमीनधारणेप्रमाणे अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरे मिळाली. रस्ते सरळ व रुंद, घरे ओळीने. सरकारचे आणि देशोदेशीच्या दात्यांचे उपकार कोण नाकारील? तरी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. जमिनीच्या मापाने घरे वाटली गेल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजार तुटले. जी म्हातारी भिंतीपलीकडे हाक मारून विस्तव मागत असे, तिची शेजारीण आता चार रस्ते ओलांडून राहू लागली. पहिली काही वर्षे तर पुष्कळजण पक्क्या घरात निजावयास धजत नसत. घर सामानासाठी आणि अंगणातले पत्र्याचे शेड निजण्यासाठी, अशी व्यवस्था होती. नवी जागा मिळाली म्हणजे नवा आरंभ झाला, असे कागदावर लिहिता येते इतकेच.

याहून वेगळे काम झाले ते, ज्या गावांत घरे तडकली पण उभी राहिली, तेथे. लाखाहून अधिक घरे त्यांच्या मालकांनीच सरकारी साहाय्याने दुरुस्त केली, आणि ते काम आम्हांस फार शिकवून गेले. अभियंते येऊन सांगत : माळवद पाडू नका, त्यावरची जास्तीची माती उतरवा. भिंत पाडू नका, तिला ठिकठिकाणी आरपार सांधा. गावोगावी ‘संवाद सहायक’ म्हणून बायकांची योजना झाली होती. ज्या कधी उंबऱ्याबाहेर बोलल्या नव्हत्या त्या हातात टेप घेऊन भिंती मोजू लागल्या आणि गवंड्यास जाब विचारू लागल्या. आमच्या समोर एका घराच्या माळवदावरून पाट्यांमागून पाट्या माती उतरली. घरचा म्हातारा खाली खाटेवर बसून प्रत्येक पाटीकडे पाहत होता. “गुरुजी, ही आमच्या आबाची माती,” एवढेच तो म्हणाला. ती माती त्याने उकिरड्यावर जाऊ दिली नाही. शेताच्या बांधावर नेऊन टाकविली. घर तेच राहिले, हलके झाले.

शाळेत आमच्यापुढे निराळा प्रश्न होता. हजेरीपटातील नावे पुकारावयाची कशी? नियमाप्रमाणे गेलेल्यांची नावे कमी करावयाची होती. आम्ही नवा पट आखला, राहिलेली नावे त्यात उतरविली आणि जुना पट कापडात बांधून कपाटात ठेवला. काही मुले तो पाहू द्या म्हणत. आम्ही पाहू देत असू. नाव बोटाने शोधून काढीत आणि मुकाट्याने जागेवर जाऊन बसत. मग पाढे सुरू होत.

आता एक नाजूक गोष्ट. भूकंपात पत्नी व मुले गेलेल्या एका गृहस्थाने, पती गेलेल्या एका बाईशी वर्षाच्या आत विवाह केला. गावात कुजबुज झाली. आपल्या ज्ञातीतही अशा प्रसंगी वर्षश्राद्धाचे दिवस मोजणारी मंडळी आहेत, हे येथे कोणास सांगावयास नको. त्यांना आमचे एवढेच सांगणे की त्या घरी जाऊन पाहावे. भिंतीवर दोन तसबिरी होत्या, तिच्या पहिल्या यजमानांची आणि त्याच्या पहिल्या पत्नीची. दोहोंस हार तोच घालीत असे. ज्यांना दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब ठेवावयाचा आहे त्यांनी आधी त्या घरातील दोन वेळच्या चुलीचा हिशेब ठेवावा.

ज्या मातांची सर्व मुले गेली आणि ज्यांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया आधीच झालेली होती, अशा काहींनी ती शस्त्रक्रिया उलटवून घेतली व त्यांना पुन्हा मुले झाली. त्यांतील दोघा मुलांस पुढे मुळाक्षरे गिरवावयास लावण्याचे भाग्य आम्हांस लाभले. एकीने आपल्या मुलास गेलेल्या मुलाचेच नाव ठेवले होते. दुसरीने ते नाव घरात कोणी उच्चारू नये असे बजावून अगदी नवे नाव ठेवले होते. पहिलीस लोक म्हणत, ही अजून त्यातच गुंतली आहे. दुसरीस म्हणत, ही इतक्यात विसरली. आम्ही दोन्ही नावे नव्या पटात, एकाखाली एक, स्वच्छ अक्षरात लिहिली, आणि दोन्ही घरचे पेढे खाल्ले.