लहान शब्दांचे मोठे काम



मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी इंग्रजी व्याकरणात उत्तम गुण मिळवतो. काळ, प्रयोग, वाक्यपृथक्करण त्याला तोंडपाठ असते. पण दूरध्वनीवरून कोणी सहज इंग्रजीत चार वाक्ये बोलले की तो गोंधळतो. त्याला अडवणारे शब्द बहुधा मोठे किंवा दुर्मीळ नसतात. अडवतात ते 'अप', 'ऑफ', 'आउट', 'ऑन' असे लहान शब्द. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'अप' म्हणजे वर, 'विथ' म्हणजे बरोबर. पण 'पुट अप विथ' याचा अर्थ होतो निमूटपणे सहन करणे. तिघेही ओळखीचे, परंतु एकत्र येताच अनोळखी!

अशा जोडक्रियापदांना इंग्रजीत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 मध्ये आपल्या पुस्तकात छापले आणि ते हेन्री ब्रॅडली या कोशकाराने सुचवल्याचे नमूद केले. नाव नवे असले तरी प्रकार जुना आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश प्रकाशित केला, तेव्हाच त्यांनी प्रस्तावनेत परक्या माणसाला या जोड्या फार जड जातात असे सांगून ठेवले होते. तेव्हा आज एखादा विद्यार्थी येथे अडखळला, तर त्यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नाही.

या जोड्या इंग्रजीत इतक्या का, याचे उत्तर इतिहासात आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दरबार आणि न्यायालय येथे फ्रेंच, तर विद्या आणि धर्मकार्य येथे लॅटिन अशी वाटणी झाली. घर, शेत आणि बाजार मात्र इंग्रजीतच बोलत राहिले. त्यामुळे एकाच अर्थाचे दोन शब्द नांदू लागले. 'पोस्टपोन' हा ग्रंथातला, 'पुट ऑफ' हा घरातला. 'टॉलरेट' कागदावर, 'पुट अप विथ' ओठांवर. आग विझवण्यास शासकीय भाषेत 'एक्स्टिंग्विश', तर शेजाऱ्याच्या भाषेत 'पुट आउट'. मराठीतही 'स्थगित करणे' आणि 'पुढे ढकलणे' अशी जोडी आहेच. भारतीय विद्यार्थी इंग्रजीचा पहिला मजला पुस्तकातून शिकतो आणि तळमजल्यावरची माणसे काय बोलतात ते त्याला उमगत नाही.

संस्कृतचा परिचय असलेल्यांना ही रचना मुळीच नवी वाटू नये. 'हृ' या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे किती वेगळे शब्द झाले! साधूंचा आहार आणि साधूंचा विहार यांतला भेद लहान मुलालाही कळतो. अतिक्रमण म्हणजे मर्यादा ओलांडून जाणे आणि प्रतिक्रमण म्हणजे परत फिरणे. फरक केवळ उपसर्गाचा. संस्कृतात उपसर्ग धातूच्या पुढे बसतो, इंग्रजीत तो बहुधा मागे येतो. जैन परंपरेत उपसर्ग म्हणजे साधकावर कोसळलेले संकट, आणि इंग्रजी शिकणाऱ्याला हे लहान शब्द दोन्ही अर्थांनी उपसर्गच वाटतात, हा भाग निराळा.

इंग्रजीतही पुढे आणि मागे यांत मोठे अंतर आहे. 'लुक ओव्हर द अकाउंट्स' म्हणजे हिशेब नजरेखालून घाला. तोच शब्द पुढे आणून 'ओव्हरलुक' म्हटले की हिशेबाकडे दुर्लक्ष झाले! 'सेट अप' म्हणजे उभारणे, आणि 'अपसेट' म्हणजे उलथून टाकणे किंवा मन अस्वस्थ करणे.

मराठीत हेच काम दुसरे क्रियापद करते. तो बोलला, तो बोलून गेला, तो बोलून बसला, त्याने बोलून टाकले. बोलणे एकच, पण दर वेळी मनःस्थिती वेगळी. 'लाडू खा' आणि 'लाडू खाऊन टाक' यांत जो फरक आहे, जवळजवळ तोच 'ईट' आणि 'ईट अप' यांत आहे. येथे 'अप' म्हणजे वर नव्हे, संपूर्णपणे. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे आणि 'टेअर अप' म्हणजे फाडून तुकडे करणे, यांतही तोच भाव आहे.

आता नित्याची काही वाक्ये पाहू. 'आय वेक अप अ‍ॅट फाइव्ह बट गेट अप अ‍ॅट सिक्स' म्हणजे पाचला जाग येते, पण अंथरूण सहाला सुटते. 'टर्न ऑफ द लाइट' म्हणजे दिवा बंद कर. 'वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क' म्हणजे घरातले दूध संपले. यात कोणी धावचीत झालेले नाही. 'शी लुक्स आफ्टर हर मदर' म्हणजे ती आईची काळजी घेते, आणि 'शी इज लुकिंग फॉर हर मदर' म्हणजे ती आईला शोधते आहे.

शब्दांच्या जागेचाही एक नियम ध्यानात ठेवावा. 'पुट ऑन द शर्ट' आणि 'पुट द शर्ट ऑन' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. मात्र सदरा न म्हणता 'इट' म्हटले, तर ते मध्येच आले पाहिजे: 'पुट इट ऑन'. 'पुट ऑन इट' चूक. याउलट 'लुक आफ्टर' ही जोडी फुटत नाही. तेथे 'लुक आफ्टर हर' असेच म्हणावे लागते.

हा विषय केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. व्यापारात 'द डील वेंट थ्रू' म्हणजे सौदा पार पडला आणि 'द डील फेल थ्रू' म्हणजे सौदा फिसकटला. 'थ्रू' ऐकून पेढे वाटणाऱ्याने आधीचे क्रियापद नीट ऐकलेले बरे. 'ही विल बॅक यू अप' म्हणणारा पाठीशी उभा राहतो, तर 'ही विल बॅक आउट' म्हटले की तो माघार घेणार. सभा 'पुट ऑफ' झाली तर ती पुढे कधीतरी होईल; 'कॉल ऑफ' झाली तर रद्दच.

बँकेच्या 'राइट ऑफ' या शब्दाने तर सुशिक्षितही फसतात. बँकेने कर्ज 'राइट ऑफ' केले म्हणजे ते माफ केले, असा समज सर्रास आढळतो. वास्तविक बँक ते येणे आपल्या ताळेबंदातून कमी करते. कर्जदाराची जबाबदारी तेवढ्याने संपत नाही आणि वसुली चालू राहू शकते. माफीसाठी 'वेव्ह' हे निराळे क्रियापद आहे.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांनी तर हे शब्द विशेष जपावेत. भारतात 'पास आउट' म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणे, पण ब्रिटन-अमेरिकेत नेहमीच्या बोलण्यात त्याचा अर्थ बेशुद्ध पडणे. 'पास अवे' म्हणजे मात्र निधन. रुग्णालयातून येणाऱ्या निरोपात 'आउट' आणि 'अवे' यांत एका आयुष्याचे अंतर असते. तसेच 'पुट डाउन' म्हणजे खाली ठेवणे, पण माणसाच्या बाबतीत अपमान करणे, आणि आजारी जनावराच्या बाबतीत पशुवैद्याकडून त्याचे जीवन संपवणे. पांजरपोळाची परंपरा जपणाऱ्या समाजातील माणसाने पशुवैद्याच्या या प्रश्नाला न समजता 'यस' म्हटले, तर एका शब्दाच्या अज्ञानातून केवढा अनर्थ होईल!

मग शिकावे कसे? याद्या पाठ करून नव्हे. यादीत 'टेक ऑफ' समोर विमानाचे उड्डाण, कपडे उतरवणे आणि सुट्टी घेणे असे तीन अर्थ दिसतात आणि मन गोंधळते. वाक्यात मात्र त्यांतला एकच उभा राहतो. म्हणून रोज दोनच जोड्या घ्याव्यात, प्रत्येकीचे आपल्या घरातले किंवा दुकानातले एक वाक्य रचावे आणि ते मोठ्याने म्हणावे. सी. के. ऑग्डेन यांनी 1930 मध्ये 850 शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली, तीत क्रियापदे अवघी 18 ठेवली. गो, गेट, गिव्ह, पुट, टेक अशा मोजक्या क्रियापदांना लहान शब्द जोडून त्यांनी बाकीच्या क्रियापदांचे काम भागवले. पाचवीतल्या मुलालाही हे भांडवल पुरेसे आहे. ते फिरवता मात्र आले पाहिजे.

पाच समितींमध्ये भाषा समितीला स्थान आहे. बोलावे ते हितकर, मोजके आणि निःसंदिग्ध. हा विवेक प्राकृतात, संस्कृतात, मराठीत पाळायचा आणि इंग्रजीत सोडून द्यायचा असे नाही. 'गिव्ह' या एका शब्दातच पाहा: 'गिव्ह इन' म्हणजे नमते घेणे, 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे आणि 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. आळशी माणूस अभ्यास 'गिव्ह अप' करतो आणि मुनी परिग्रह 'गिव्ह अप' करतात. शब्द तोच, काय सोडले, त्यावर माणसाची उंची ठरते. सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजातील विद्यार्थ्यांनी इंग्रजीची भीती तेवढी सोडावी, अभ्यास सोडू नये, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र.