आधी डोळे, मग बंदूक



कवीने डोळ्यांवर बोलावं यात नवल नाही. गझल लिहिणाऱ्यांनी तर नजरेच्या तीरांनी शेकडो वर्षं लोकांना घायाळ करून ठेवलं आहे. पण त्या तीरामुळे कुणाला दवाखान्यात न्यावं लागल्याचं ऐकिवात नाही. आज ज्या तीराबद्दल मी बोलणार आहे तो गोल आहे, प्लास्टिकचा आहे, सहा मिलिमीटरचा आहे आणि आमच्या फुलचूरच्या पोट्ट्यांच्या खिशात आहे. लोक त्याला छर्रा म्हणतात.

भाऊबीज आटोपली की आमच्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. दिवसा बाजार, रात्री दंडार किंवा नाटक. या मंडईत खेळण्यांच्या दुकानावर छर्ऱ्याची बंदूक टांगलेली असतेच. ईदच्या दिवशी मिळालेल्या ईदीतूनही पहिली खरेदी पुष्कळदा तीच होते. लहान मुलांची हौस तिथे भागते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचं मात्र तेवढ्याने भागत नाही. मोबाइलवर ज्या लढाया ती खेळली, त्या आता त्यांना शेतात, झाडांच्या आडोशाने, खरोखर धावून खेळायच्या असतात. या खेळाचं नाव एअरसॉफ्ट. सत्तरच्या दशकात तो जपानमध्ये सुरू झाला. स्प्रिंगच्या किंवा वायूच्या जोरावर छर्रा फेकणारी, दिसायला हुबेहूब खऱ्यासारखी बंदूक, दोन गट, आणि छर्रा लागला की आपणच हात वर करून 'लागला' म्हणायचं आणि बाहेर व्हायचं. पंच नाही, प्रामाणिकपणावर सगळा खेळ. ही गोष्ट मला आवडते, हे सांगितलंच पाहिजे.

'बंदुकीचा खेळ नकोच' असं म्हणून मोठी माणसं मोकळी होऊ शकतात. पण मनाई केलेला खेळ बंद होत नाही, तो घरापासून लांब जातो. राइस मिलच्या मागे, तळ्याच्या पाळीवर, जिथे कुणी पाहत नाही तिथे. आणि जिथे कुणी पाहत नाही तिथे डोळ्यांवर काही लावलं आहे की नाही, हेही कुणी पाहत नाही. म्हणून मनाईपेक्षा माहिती बरी, असं मला वाटतं.

आमच्या गल्लीतल्या दहावीच्या एका मुलाने विचारलं, "चाचा, पैसे जमले आहेत. बंदूक कोणती घेऊ?" मी म्हटलं, "बेटा, बंदूक सगळ्यात शेवटी. डोळ्यांवर काय लावणार ते आधी सांग." त्याने खिशातून काळा गॉगल काढून दाखवला. उन्हाचा. आजचं सगळं बोलणं त्या काळ्या गॉगलसाठीच आहे.

डोळा हाडांच्या खोबणीत बसलेला असतो. क्रिकेटचा चेंडू सव्वासात सेंटिमीटरच्या आसपास, खोबणीचं तोंड साधारण चार सेंटिमीटर रुंद. त्यामुळे चेंडू आला तर पुष्कळसा मार भुवईचं आणि गालाचं हाड झेलतं. छर्रा सहा मिलिमीटरचा. तो हाडाला न शिवता थेट बुबुळावर जातो. लहान वस्तू डोळ्याचं काय करते, हे क्रिकेटनेच दाखवलं आहे. जुलै २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या टाँटनच्या मैदानावर इम्रान ताहिरच्या चेंडूवर त्रिफळा उडाला आणि उडालेली बेल यष्टिरक्षक मार्क बाउचरच्या डाव्या डोळ्यात गेली. बाउचरने तेव्हा हेल्मेट घातलेलं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेच्या त्या थोर यष्टिरक्षकाची कारकीर्द तिथेच संपली. मारणारा चेंडू नव्हता, बोटाएवढा लाकडाचा तुकडा होता.

आता थोडं गणित. मी बी. ए. झालेला माणूस, तेव्हा घाबरू नका, ते सोपंच असणार. पाव ग्रॅमपेक्षाही हलका, म्हणजे ०.२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला तर त्याच्यात एक ज्यूल ऊर्जा असते. सेकंदाला १०० मीटर म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. शोएब अख्तरने २००३ च्या विश्वचषकात टाकलेला विक्रमी चेंडू ताशी १६१ किलोमीटरचा होता. जपानने २००६ मध्ये कायदा करून सहा मिलिमीटरच्या छर्ऱ्याच्या बंदुकीला ०.९८ ज्यूलची मर्यादा घातली. दहा वर्षांवरच्या मुलांसाठी म्हणून ज्या बंदुका तिथे विकतात, त्यांची मर्यादा याच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास आहे. ज्या देशात हा खेळ जन्मला, तो देश मुलांच्या हाती किती जोर देतो, हे यावरून कळावं.

हा एक ज्यूल लक्षात ठेवून चष्मा निवडायचा. उन्हाचा गॉगल चालत नाही. त्याची काच फुटली तर छर्ऱ्याच्या जोडीला तुकडेही डोळ्यात जातात. नंबरचा साधा चष्मा चालत नाही. पोहण्याचा चष्मा चालत नाही. लोखंडी जाळीचा गॉगल स्वस्त असतो, त्यावर वाफ धरत नाही, म्हणून मुलांना तो आवडतो. पण हलक्या प्रतीचा छर्रा जाळीवर आपटून फुटतो आणि त्याचा भुगा आत जातो. जाळी तोंडाला लावा, डोळ्यांना नको.

चालतं ते पॉलिकार्बोनेट. गोंदियाच्या बाजारात सेफ्टी गॉगल कामगारांसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ते पाहताना रंग पाहू नका, त्यावर कोरलेली अक्षरं वाचा. युरोपीय मानक ईएन १६६. या चाचणीत सहा मिलिमीटरची पोलादी गोळी काचेवर मारतात. अक्षर 'एफ' असेल तर ती सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारलेली असते. तिचा जोर एक ज्यूलही भरत नाही. अक्षर 'बी' असेल तर वेग १२० मीटर आणि जोर सहा ज्यूलच्या वर. म्हणून 'एफ' वर समाधान मानू नका, 'बी' शोधा. अमेरिकी मानकात 'झेड ८७' च्या पुढे अधिकचं चिन्ह हवं. ते असेल तरच वेगाने येणाऱ्या गोळीची चाचणी झाली, असं समजायचं. पेंटबॉलचा अख्खा मुखवटा घेणार असाल तर त्यावर 'एफ १७७६' हा आकडा पाहा. आपल्याकडच्या कामगारांच्या चष्म्यांना आयएस ५९८३ हे भारतीय मानक आहे, पण या खेळासाठी आघाताची खूण वेगळी पाहिलेली बरी. खूण काचेवरही हवी आणि फ्रेमवरही. बनवणाऱ्याचं नावच नसलेल्या गॉगलवर नुसते आकडे छापले असतील तर त्यांना लग्नपत्रिकेवरच्या 'आहेर आणू नये' इतकीच किंमत द्या.

गरीब घरातल्या आईबापांनी याने दचकू नये. खरी खूण असलेला कामगारांचा गॉगल बंदुकीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. महाग असतात त्या दिखाऊ वस्तू: लष्करी रंगाचे कपडे, खिसेवाली जाकिटं, कोपरांची कवचं. त्यांच्यावाचून खेळ अडत नाही.

गॉगल चेहऱ्याला सगळीकडून चिकटून बसणारा हवा. कानावर अडकवायच्या चष्म्याच्या बाजूने आणि खालून फट राहते. तिथून छर्रा शिरतो. मागे पट्टा हवा. लावून धावून पाहा, मान हलवून पाहा. मुलाला नंबर असेल तर चष्म्यावरून बसेल असा मोठा गॉगल घ्या. आत वाफ धरणं ही खरी अडचण आहे, कारण वाफ धरली की मुलगा गॉगल वर करतो. भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब पाण्यात मिसळून आतून पुसा आणि मऊ कापडाने कोरडं करा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी काचेला कधीही लावू नका. त्याने पॉलिकार्बोनेट आतून तडकतं. जोराचा मार बसला, तडा गेला, काच खरबडली की गॉगल बदला.

डोळ्यांनंतर दात. समोरचा दात तुटला की परत उगवत नाही आणि नवा बसवायला गॉगलच्या कितीतरी पट पैसे लागतात. तोंडाला जाळीचा अर्धा मुखवटा उत्तम. तो जमेना तर जाड दुपट्टा चार पदरी करून नाकापासून खाली बांधा. तो मुखवट्याची बरोबरी करणार नाही, पण उघड्या ओठांपेक्षा बरा. त्याच दुपट्ट्याने कान आणि गळाही झाकतो. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, जीनची पँट आणि कामगारांचे हातमोजे घरात निघतातच. तिसरा क्रमांक पायांचा. कापणीनंतर धानाच्या बांध्यांमध्ये खेळायचं तर धसकटं, बांधावरचे खड्डे आणि साप यांचा विचार हवा. चपलेवर खेळू नका. घोटा झाकणारे बूट घाला.

लहानांच्या बंदुकीबद्दलही एक सांगतो. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण असणं आपल्या देशात सक्तीचं आहे. मंडईत बंदूक उलटी करून ती खूण पाहा. आणि ज्या बंदुकीच्या खोक्यावर 'अठरा वर्षांवरील' लिहिलं आहे ती खेळणं नाही. सोळा वर्षांच्या मुलाने ती मोठ्या माणसाच्या नजरेखालीच हाती घ्यावी.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक काळजी आहे. सालेकसा, देवरीच्या जंगलपट्टीने नक्षलवादाची दहशत वर्षानुवर्षं पाहिली. अशा जिल्ह्यात लष्करी रंगाचे कपडे घालून, खऱ्यासारखी बंदूक खांद्यावर टाकून रस्त्याने जाणं म्हणजे विस्तवाशी खेळ. पोलिसाला शंभर पावलांवरून खेळणं ओळखता येत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या आयांना ही काळजी जरा जास्तच असते. कारण सांगायला नको. बंदूक पिशवीत न्या, पिशवीत आणा. ज्याचं शेत त्याला विचारा. गावच्या पोलीस पाटलाच्या कानावर घाला.

खेळताना एक नियम सगळ्या नियमांच्या वर ठेवा: शेवटची बंदूक रिकामी होऊन पिशवीत जाईपर्यंत कुणीही गॉगल वर करायचा नाही. दमलो म्हणून नाही, घाम आला म्हणून नाही, खेळ संपतच आला म्हणून तर मुळीच नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला क्लबच्या सामन्यात आपला रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणाला उभा राहिला. षटकाचे मोजकेच चेंडू उरले होते, म्हणून त्याने हेल्मेट घेतलं नाही. चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. 'आता थोडंच राहिलंय' हे वाक्य मैदानावर फार महाग पडतं.

आणि एवढं करूनही डोळ्याला लागलंच तर? चोळू नका. दाबू नका. गुलाबजल, मध, दूध, सुरमा, काजळ, यांतलं काहीही घालू नका. काही रुतलेलं दिसलं तर काढायला जाऊ नका. कागदी पेल्याचा तळ कापून तो डोळ्याला न टेकता खोबणीच्या हाडावर ठेवा, चिकटपट्टीने बसवा, डोकं उंच ठेवा आणि त्याच दिवशी, त्याच वेळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. गोंदिया आम्हाला लागूनच आहे, तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. 'दिसतंय ना, मग काही नाही' असं म्हणू नका. आत रक्त साचलेलं असू शकतं, मागचा पडदा फाटलेला असू शकतो. मोतीबिंदू आणि काचबिंदू पुढे कित्येक वर्षांनीही डोकं वर काढतात. आणि मुलांनो, घरी मार बसेल म्हणून लपवू नका. आईबापांनो, मूल लपवणार नाही इतपत राग आवरा. दवाखान्यात पोहोचायला उशीर पुष्कळदा अंतरामुळे होत नाही, भीतीमुळे होतो.

शेवटी हिशेब. खेळणारे सहा असतील तर गॉगल किती घ्यायचे? मुलं म्हणतात, सहा. मी म्हणतो, सात-आठ. कारण प्रत्येक खेळात कुणाचा तरी धाकटा भाऊ मागे मागे आलेला असतो. त्याला कुणी खेळायला घेत नाही. तो बांधावर उभा राहून मोठ्या भावाकडे टक लावून पाहत असतो, सगळ्यांत जास्त उघड्या डोळ्यांनी. छर्ऱ्याला तो खेळात नाही हे ठाऊक नसतं. एक गॉगल त्याच्यासाठी घ्या, आणि तो बंदुकीच्या आधी घ्या.