मोतीबिंदू, भूल आणि आपली भीती



वस्तीत नेत्रशिबिर जाहीर झाले की नावे भराभर लिहिली जातात. पण ऑपरेशनच्या दिवशी पुष्कळ म्हातारी माणसे घरातून हलत नाहीत. आम्ही विचारायला गेलो की उत्तर ठरलेले, "डोळ्यात सुई घालतात म्हणे!" ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

1884 साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखविले. आज त्याहून सुरक्षित औषधे आहेत. मोतीबिंदूसाठी सहसा पूर्ण भूल लागत नाही. थेंबांनी काम भागते, नाहीतर डोळ्याशेजारी खोबणीत इंजेक्शन देतात. सुई डोळ्यात जात नाही. तरी धोका शून्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होतो, अतिक्वचित सुई नेत्रगोलाला लागते. उणे मोठ्या नंबरचा चष्मा असणाऱ्यांचा डोळा लांबट असतो, त्यांना हा धोका अधिक. म्हणून कित्येक ठिकाणी बोथट नळीने औषध सोडतात. लहान मुलांना मात्र पूर्ण भूलच द्यावी लागते.

खरी भीती बाळगायची ती जंतुसंसर्गाची. 2014 मध्ये पंजाबातील घुमान येथील शिबिरानंतर कितीतरी गरिबांची दृष्टी गेली. घुमान म्हणजे आपल्या नामदेवांचे घुमान! तेव्हा शिबिरात तपासणी खुशाल व्हावी. शस्त्रक्रिया मात्र रुग्णालयाच्या निर्जंतुक थिएटरातच झाली पाहिजे. फुकट आहे म्हणून हा प्रश्न विचारायला लाजू नये.

"पिकू द्या", "थंडीत करू" हेही आपण सोडले पाहिजे. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढायला अवघड जातो, कधी डोळ्याचा दाबही वाढवितो.

विद्यार्थी मित्रहो, घरातले औषधांचे कागद तुम्हीच वाचता. आजोबांची सगळी औषधे डॉक्टरांना दाखवा. लघवीच्या त्रासासाठीची टॅमसुलोसिन ही गोळी बंद केलेली असली तरी सांगा. तिने बाहुली नीट मोठी होत नाही आणि सर्जनला आधी तयारी ठेवता येते. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने थांबवू नका. मधुमेह, दमा, खोकला, उताणे झोपता न येणे, हेही सांगा. ऑपरेशन चालू असताना एक जोराची ढास लागली तरी पंचाईत होते.

ऑपरेशननंतर थोडे खुपणे, पाणी येणे चालायचेच. पण दुखणे वाढले, डोळा लालभडक झाला, दिसायला लागलेले पुन्हा धूसर झाले, तर सकाळची वाट पाहू नका. घरी रिक्षाला पैसे नसतील तर रात्रीही आमच्या कार्यकर्त्यांचे दार वाजवा.