बिदागी आणि मिंधेपण

(चारकोप येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



चारकोपची ही वसाहत जागतिक बँकेच्या कर्जातून आखली गेली. 1985 साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात येथे भूखंड पाडले गेले. रस्ते, पाणी, गटारे आधी आली आणि घरे मागाहून उभी राहिली. मोठे भूखंड बाजारभावाने विकायचे व त्यातून गरिबांच्या लहान भूखंडांची किंमत खाली ठेवायची, असा तो हिशेब होता. त्या कर्जाच्या अटी कुणाला रुचल्या असतील, कुणाला नसतील. पण त्या कागदावर होत्या आणि त्यांच्याविरुद्ध मोर्चा काढता येत होता. दडपशाही सरकारे कलावंतांना जो पैसा देतात, त्याच्या अटी सहसा बोलल्याही जात नाहीत. लिहिल्याच, तर त्या बाहेर फुटू नयेत याची काळजी घेतली जाते.

सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये सौदी अरेबियाच्या राजधानीत, रियाधमध्ये, विनोदी कलावंतांचा मोठा महोत्सव भरला. अमेरिकेतील नामवंत विनोदकार तेथे गेले. राजघराण्याची व धर्माची थट्टा करावयाची नाही, ही त्यांना घातलेली अट जगाला कळली ती अत्सुको ओकात्सुका या कलावतीमुळे. तिने निमंत्रण नाकारले आणि अटींचा मजकूर उघड केला. टिम डिलन नावाच्या विनोदकाराला 3 लाख 75 हजार डॉलर मिळावयाचे होते. त्याने तेथील मजुरांच्या गुलामगिरीवर आगाऊच विनोद केला आणि त्याचे आमंत्रण रद्द झाले. महोत्सव चालू असतानाच 2 ऑक्टोबर उजाडला. 2018 साली याच दिवशी पत्रकार जमाल खशोगी यांची इस्तंबूलमधील सौदी वाणिज्य दूतावासात हत्या झाली होती. हसण्याचा कार्यक्रम त्या दिवसाला वळसा घालून पुढे गेला.

जे गेले त्यांचा युक्तिवाद ओळखीचा आहे. कला वेगळी, राजकारण वेगळे. गाणाऱ्याने गावे आणि पैसे घेऊन घरी यावे. हा युक्तिवाद तपासण्यासाठी रियाधला जाण्याची गरज नाही. आपल्याकडे 1976 साली त्याची परीक्षा झालेली आहे.

आणीबाणीत विद्याचरण शुक्ल यांच्या नभोवाणी मंत्रालयाला वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे सहकार्य हवे होते. किशोरकुमार यांनी ते देण्याचे नाकारले. परिणामी त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शन यांवरून बंद करण्यात आली. शाह आयोगाच्या अहवालात हे प्रकरण नोंदलेले आहे. आता विचार करावा, सरकारला गाण्यांची काय ददात होती? साऱ्या देशाची नभोवाणी त्याच्या हाती होती आणि गाणारे गळे पुष्कळ होते. त्या सरकारपाशी नव्हती ती पत. मराठीत हा शब्द सावकाराच्या वहीतही चालतो आणि चारचौघांतही चालतो, ही मोठी सोयीची गोष्ट आहे. कलावंताची पत म्हणजे हजारो माणसांनी पदरमोड करून काढलेल्या तिकिटांतून वर्षानुवर्षे साठलेले भांडवल. ज्या सरकारची स्वतःची पत बुडालेली असते ते ही पत उसनी घेऊ पाहते आणि त्या उसनवारीच्या व्याजाला मानधन म्हणते. कलावंत गातो तेवढा वेळ तुरुंगातील माणसे विसरली जातात; सौदा त्या विसरण्याचा असतो. आणि विकलेली वस्तू एकट्या कलावंताची नसते, प्रेक्षकाचाही तीत वाटा असतो.

उसनी न दिलेली पत काय करू शकते, तेही याच काळात दिसले. 1977 च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचाराला उतरले तेव्हा माणसे लोटली, कारण या माणसाने आपल्याला आजवर फसविलेले नाही, असा त्यांचा अनुभव होता. चारकोप ज्या भागात मोडते त्या उत्तर मुंबईतून तेव्हा मृणालताई गोरे लोकसभेवर निवडून गेल्या. पुढे 1996 साली पु. लं.ना राज्य शासनाचा पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला. ते सरकार रीतसर निवडून आलेले होते. रियाधशी त्याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. परंतु पुरस्कार स्वीकारूनही पु. लं.नी ठोकशाहीविरुद्ध बोलावयाचे ते बोललेच, आणि त्यावर बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीरपणे आगपाखड केली. पुरस्काराबरोबर मौनही पोहोचते केले, अशी देणाऱ्याची समजूत होती, हे त्या रागाने उघड केले.

आपल्या जुन्या व्यवहारात बिदागी हा शब्द होता. निरोपाच्या वेळी हातावर ठेवायची ती बिदागी. ती दिली की देणे-घेणे संपले, उद्या शाहीर दुसऱ्या गावात त्याच पाटलाची टवाळी करावयास मोकळा. मिंधेपणाचा पैसा वेगळा असतो. त्यात निरोप नसतोच.

तथापि सर्वांना एकाच मापाने मोजू नये. केंद्र सरकारचा गीत आणि नाटक विभाग 1954 पासून होता, आणि सरकारी योजनांचा प्रचार करण्याच्या कामावर लोककलावंतांची पोटे चालत. जानेवारी 1976 मध्ये बार्शीत नसबंदीसाठी माणसे बळजबरीने धरून नेण्यात आली. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. अशा वेळी छोट्या कुटुंबाचे गाणे निरागस राहत नाही. पण त्या गाण्याला ढोलकीची साथ करणाऱ्याला नकार परवडत होता काय? नकाराची किंमत त्याच्या मुलांच्या ताटातून वसूल झाली असती. ज्याच्यापाशी दहा पिढ्यांची बेगमी आहे त्याने मात्र पोटाची सबब सांगू नये. नकार देण्याची ऐपत जितकी मोठी तितका दोष मोठा, एवढे तरी मान्य व्हावे.

घेतलेला पैसा मागाहून दान करून टाकण्याची एक पद्धत निघाली आहे. नेली फुर्टाडो या गायिकेने 2007 साली गद्दाफी कुटुंबासाठी इटलीतील एका हॉटेलात 45 मिनिटे गाऊन 10 लाख डॉलर घेतले आणि ते दान करण्याचे 2011 साली, लिबियात उठाव झाल्यावर, जाहीर केले. रियाधच्या पैशातून देऊ केलेली देणगी ह्यूमन राइट्स वॉचने घेतली नाही, ते उचित झाले. दानाने रक्कम जाते. उसनी दिलेली पत परत येत नाही. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांनी अधिक शहाणपणाचा मार्ग काढला होता. तेथे कार्यक्रम करणाऱ्या कलावंतांची यादी 1983 पासून प्रसिद्ध होऊ लागली, आणि पुन्हा तेथे जाणार नाही असे जो लिहून देई त्याचे नाव वगळले जाई. 1984 साली सन सिटीत गाणाऱ्या क्वीन या वाद्यवृंदाला त्याच्याच देशातील संगीतकारांच्या संघटनेने दंड केला. म्हणजे जाब विचारणारे सहव्यवसायीच होते.

राष्ट्र सेवा दलाचे कलापथक याच महाराष्ट्रात गावोगाव फिरले. निळू फुले त्यातूनच पुढे आले. लोकवर्गणीवर आणि कार्यकर्त्यांच्या घरच्या भाकरीवर ते चालले. आज चळवळीच्या सभेला शाहीर बोलावला जातो, तो दोन तास गळा फोडतो, आणि शेवटी त्याच्या हाती शाल-श्रीफळ देऊन त्याला शेवटच्या गाडीला सोडले जाते. मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे बिल मात्र त्याच रात्री चुकते होते. पुढच्या कार्यक्रमाची वर्गणी चारकोपच्या या गल्ल्यांतून गोळा होईल तेव्हा हिशेबाच्या वहीत पहिली रक्कम शाहिराच्या बिदागीची लिहावी, मंडपाचे नंतर पाहता येईल.