व्हिसा कोणाच्या नावावर?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या केंद्रात येणाऱ्या आया मुलीच्या स्थळाबद्दल सगळं सांगतात. मुलगा अमेरिकेत, पगार एवढा, सासूबाई इकडेच असतात. मी विचारते, मुलगी कोणत्या व्हिसावर जाणार? उत्तर येतं, "ते जावईच बघतायत." माझ्या पोटात खड्डा पडतो, कारण मीही तशीच गेले होते.

२००४ साली लग्न होऊन मी न्यू जर्सीला गेले. सांगलीतली बँकेची नोकरी सोडली. नवऱ्याचा एच-१बी, माझा एच-४, म्हणजे अवलंबिताचा. त्यावर तेव्हा नोकरी करता येत नसे, हे मला विमानात बसेपर्यंत कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बँकेत लोकांच्या पैशांचा हिशोब ठेवणारी मी, भाजीच्या पैशांचा हिशोब द्यायला लागले. नवरा मारणारा नव्हता, हे मुद्दाम सांगते. पण भांडणात तो म्हणायचा, "तू इथे माझ्यामुळे आहेस." ते खरं होतं, म्हणूनच लागायचं. त्याची नोकरी गेली किंवा घटस्फोट झाला, तरी माझा व्हिसा संपणार होता.

मे २०१५ पासून काही एच-४ बायकांना कामाचा परवाना मिळू लागला. कोणाला? ढोबळमानाने, नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं असेल तरच. म्हणजे किल्ली पुन्हा त्याच्याच नोकरीत.

आणि मारहाण असेल तर? १९९४ च्या तिथल्या कायद्याने नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला, नवऱ्याला न विचारता, स्वतःचा अर्ज करण्याची वाट दिली. एच-४ वालीला ती वाट नाही. २००५ च्या दुरुस्तीने तिला निदान कामाचा परवाना देऊ केला, पण त्याचे अर्ज घेणं सुरू व्हायला २०१७ उजाडलं. बारा वर्षं! आणि हा परवाना कामाचा, राहण्याचा नव्हे.

आता कराबद्दल, कारण हे कोणी सांगत नाही. दर वर्षी टेबलावर कागद यायचा, "इथे सही कर." मी करायची. नवरा-बायकोने एकत्र विवरणपत्र भरलं की त्यातल्या सगळ्या कराला दोघंही जबाबदार. त्याने उत्पन्न लपवलं असलं तरी आणि पुढे घटस्फोट झाला तरी वसुली बायकोकडे येऊ शकते. मला माहीत नव्हतं, असं म्हणून सूट मागता येते, पण ते सिद्ध तिलाच करावं लागतं.

शिवाय तिथे करासाठी रहिवासी ठरलात की भारतातलं व्याजसुद्धा दाखवायचं. परदेशातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली, तरी वेगळं कळवायचं. आईने माझ्या नावावर ठेवलेल्या ठेवी त्यात बसत होत्या. मला हे २०१० मध्ये कळलं, आम्ही वेगळे होताना, एका वकीलबाईंकडून. त्यांनी पासपोर्ट मागितला, तर तोही माझ्याकडे नव्हता. नवऱ्याच्या ऑफिसच्या खणात होता.

म्हणून केंद्रात अशी आई आली, की मुलीलाही बोलावून घ्या. कोणता व्हिसा, किती दिवसांचा, त्यावर काम करता येतं का, हे तिने मुलाला स्वतः विचारावं. पासपोर्ट तिच्याच पर्समध्ये राहावा, प्रती माहेरी असाव्यात. सही करायच्या कागदाची प्रत आधी मागावी. आपली बँक, आपल्या ठेवी यांची यादी तिच्याकडे हवी, आणि इथलं बचत खातं अनिवासी खात्यात बदलायचं असतं, तेही तिने स्वतः बँकेत जाऊन करावं.

मुलाकडच्यांना राग आला तर, असं आया विचारतात. गेल्या महिन्यात एका मुलीने घाबरतच फोन केला. दुसऱ्या दिवशी मुलाने सगळे कागद पाठवले आणि कळवलं, की हे मीही नीट वाचले नव्हते. आता दोघं मिळून वाचतायत. लग्न डिसेंबरमध्ये आहे.