आतिथ्याचे शिक्षण आणि आपला समाज

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कर्नाळा येथे केलेले भाषण)



आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. विद्वत्तेचा अधिकार आमच्याकडे नाही. तथापि मुलांना पाटी धरावयास शिकविण्यात आयुष्य गेले, त्यामुळे कोणत्या मुलाचे पुढे काय झाले हे पाहण्याची सवय जडली. तेवढ्या भांडवलावर आज चार शब्द बोलण्याचे धाडस करतो. विषय आहे आतिथ्यव्यवसायाच्या शिक्षणाचा आणि त्यासाठी सरकार जो पैसा खर्च करते त्याचा. हॉटेलातील नोकरीचे नाव काढताच ज्यांच्या कपाळाला आठी पडते त्यांना विनंती अशी की, दहा मिनिटे आठी तशीच ठेवून ऐकावे.

आज दुपारी आपल्या पंगती उठल्या. मंडळाच्या तरुणांनी कमरेला उपरणी बांधून वाढप केले. प्रथम मीठ, मग डाव्या बाजूस लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी नि आमटी, मध्ये भाताची मूद, तिजवर वरण आणि तूप. कोणाच्या पानात काय संपले हे मागण्यापूर्वी ज्याला दिसते तो खरा वाढपी. आपल्या ज्ञातीत पंगतीस वाढावयास मिळणे हा मान समजला जातो. आमच्या लहानपणी तर वाढावयाची संधी मिळावी म्हणून थोरामोठ्यांची मुले भांडत असत. मग हेच काम कोणी शिकून, स्वच्छ गणवेश घालून, महिन्याच्या पगारावर केले, की ते हलके कसे होते? फुकट केले तर मान आणि दाम घेतले तर अपमान, हा हिशेब आम्हांस उलगडत नाही.

परंतु आम्हीही एके काळी हाच हिशेब मांडीत होतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९९१-९२च्या सुमाराची गोष्ट. आमचा एक माजी विद्यार्थी दहावी बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झाला. मुलगा हुशार होताच, पण त्याहून विशेष म्हणजे त्याच्या हाताला चव होती. शाळेच्या सहलीत भात त्यानेच उतरवावा असा आमचा शिरस्ता होता. एके सायंकाळी त्याचे वडील हॉटेलच्या शिक्षणाचा एक अर्ज घेऊन आमच्या घरी आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सांगाल तसे करू." आम्ही अर्ज वरवर चाळला आणि म्हणालो, "अहो, दुसऱ्यांची ताटे उचलायला शिक्षण कशाला हवे? त्याला कारकुनीच्या परीक्षेला बसवा." अर्ज घडी होऊन खिशात गेला. कारकुनी मिळाली नाही. पुढे जमिनीचा पैसा आला, त्यातून टेम्पो आला. आज पन्नाशीच्या घरात असलेला तो मनुष्य हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी आणि टॉवेल पोहोचविण्याचे काम करतो. हॉटेलच्या मागच्या दारापर्यंत तो रोज जातो; आतील भटारखान्यात जाण्याची वाट आमच्या एका वाक्याने बंद झाली. त्याने आम्हांस कधी बोल लावला नाही. त्यामुळेच ती गोष्ट आम्हांस अधिक बोचते.

आम्ही जे अज्ञानाने बोललो ते बोलण्यास तेव्हाही आधार नव्हता. मुंबईस दादरला जी हॉटेल व्यवस्थापनाची संस्था आहे ती १९५४ साली निघाली, म्हणजे आमच्या जन्मापूर्वी. ती काढली अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने, आणि त्या परिषदेच्या प्रमुख होत्या लीलावती मुन्शी. देशात धान्याची टंचाई होती. आहे त्या अन्नातून सकस आणि रुचकर काय शिजवावे, हे शिकविण्याची निकड त्या काळाने निर्माण केली. म्हणूनच संस्थेच्या नावात आजही हॉटेल व्यवस्थापन आणि खाद्यव्यवस्था यांच्या जोडीला पोषणशास्त्राचा उल्लेख आहे. ज्या विद्येचा उगम दुष्काळाच्या चिंतेतून झाला तिला आम्ही ताटे उचलण्याची विद्या म्हटले! पुढे १९८२ साली अशा संस्थांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा एका सूत्रात आणण्यासाठी केंद्र सरकारने राष्ट्रीय परिषद स्थापन केली. पुण्यास शिवाजीनगरला महाराष्ट्र राज्याचीही स्वतंत्र संस्था आहे.

ही झाली मोठ्या शिक्षणाची गोष्ट. थोडे शिकलेल्यांसाठीही सरकारने दार उघडले. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने २००९-१० साली 'हुनर से रोजगार तक' ही योजना काढली. किमान आठवी उत्तीर्ण झालेल्या तरुण-तरुणींना सहा ते आठ आठवड्यांत स्वयंपाक किंवा वाढप यांचे प्राथमिक शिक्षण द्यावयाचे, शुल्क घ्यावयाचे नाही, आणि हजेरीची अट पाळणाऱ्यास वर थोडे विद्यावेतन द्यावयाचे, अशी तिची रचना झाली. पुढे तीत खोल्यांची निगा आणि बेकरी यांसारखे विषय आले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व्यवसायांतही पाककला आणि बेकरी आहेत. उमेदवारीचा कायदा १९६१चा. त्याला जोड म्हणून २०१६ साली जी प्रोत्साहन योजना आली तिच्यात उमेदवाराच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकारने उचलावा असे ठरले. आणि आपल्या राज्याने ८ जुलै २०२४च्या निर्णयाने, ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक शिक्षण घेताना शिकवणीचे आणि परीक्षेचे शुल्क पूर्ण माफ केले. हॉटेल व्यवस्थापनाच्या पदवीसाठी राज्याची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा आहे, हे आपल्या किती घरांत ठाऊक आहे? हात वर करावयास सांगून आम्ही कोणास अडचणीत टाकीत नाही.

आता ह्या गोष्टी कर्नाळ्यास बसून का बोलावयाच्या, असे कोणी विचारील. हे रान १९६८ साली पक्ष्यांचे अभयारण्य झाले. तेव्हापासून मुंबईचे लोक येथे येतात, महामार्गावर थांबतात, चहा पितात, पोटभर जेवतात आणि जातात. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आपल्या तालुक्याचे रूप पालटू लागले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेव्याचा अटल सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. विमान जेथे उतरते तेथे प्रवाशाला जेवण लागते, अंथरूण लागते, आणि गोड शब्दांत बोलणारा माणूस लागतो. ही माणसे कोठून तरी येणारच. ती आपल्या गावांतून येतील, की आपण केवळ त्यांना खोल्या भाड्याने देऊ, एवढाच प्रश्न आहे. जमिनीचा पैसा किती दिवस पुरतो हे आपण घरोघर पाहिले. विकलेली जमीन परत येत नाही. शिकलेला हात मात्र विकूनही आपल्याजवळच राहतो.

तथापि सरकारने पैसा ठेवला म्हणजे काम झाले, असे आम्ही म्हणत नाही. सहा-आठ आठवड्यांत कोणी आचारी होत नाही. चुलीची धग सोसावयासच महिना जातो. अल्प मुदतीचे शिक्षण म्हणजे उंबरठा होय. उंबरठ्यावर कोणी संसार मांडीत नाही. तेथून पुढे उमेदवारी किंवा पूर्ण अभ्यासक्रम यांची पायरी नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यापुरतेच उरते. दुसरे असे की, किती जण शिकले याची मोजदाद करणे सोपे असते. वर्षानंतर त्यांतील किती जण कामावर टिकले, हा प्रश्न विचारल्याखेरीज सार्वजनिक पैशाचा खरा हिशेब होत नाही. तो विचारणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. त्यात कृतघ्नता नाही.

तिसरी अडचण आम्हांस अलीकडेच कळली. गेल्या पावसाळ्याच्या आरंभी तोच टेम्पोवाला, पूर्वी त्याचे वडील आले होते तसाच, आमच्या घरी आला. हातात कागद होते. त्याच्या मुलीस हॉटेल व्यवस्थापनाच्या पदवीस प्रवेश मिळत होता. तो म्हणाला, "गुरुजी, ह्या वेळी काय सांगता?" आम्ही क्षणभर काही बोलू शकलो नाही. मग म्हणालो, "बाळ, ह्या वेळी आम्ही सांगत नाही, विचारतो. काय काय लागेल?" शिकवणीचे शुल्क माफ होते. परंतु दोन गणवेश, काळे बूट, सुऱ्यांचा संच, वह्या-पुस्तके, आणि पहाटेच्या एस.टी.पासून रात्रीच्या हार्बर गाडीपर्यंतच्या प्रवासाचा खर्च माफ नव्हता. शुल्कमाफीची रीतसर मंजुरी येईपर्यंत हाती रोकड लागते ती वेगळीच. म्हणजे सरकारने डोंगर फोडून वाट केली आणि शेवटच्या ओढ्यावर साकव राहिला. मुलगी आज शिकत आहे. पहिल्या महिन्यात, सबंध दिवस उभे राहून पाय सुजतात म्हणून, ती परत येण्याच्या गोष्टी करीत होती. तिच्या आईने तिला थोपविले. पुढे काय होईल ते आम्ही कसे सांगावे? पण तो साकव बांधणे हे सरकारचे नव्हे, आपले काम आहे, एवढे आम्हांस उमगले.

समाजाने असे साकव बांधल्याची उदाहरणे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे १८९३ साली हॉटेलशिक्षणाची जी शाळा निघाली ती तेथील हॉटेलमालकांच्या संघाने काढली. आज ती जगातील सर्वांत जुनी हॉटेल-शाळा म्हणून ओळखली जाते. इतके दूरही जावयास नको. मुंबईत गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या भगिनींना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्या बायकांना स्वयंपाक कोणी शिकवावयाचा नव्हता. सावकाराच्या तावडीतून सुटण्यापुरते भांडवल आणि पाठीशी उभी राहणारी संस्था, एवढीच उणीव होती. ती भरून निघताच त्यांच्या कामाला व्यवसायाची प्रतिष्ठा आली.

म्हणून मंडळापुढे आमची नम्र सूचना अशी. आपली शिष्यवृत्ती आजवर गुणांच्या टक्केवारीवर दिली जाते. ती प्रथा खुशाल चालू राहो. परंतु तिच्या शेजारी एक लहानसा वरखर्चनिधी असावा. शुल्क सरकार भरीत असेल तेथे प्रवास, गणवेश, हत्यारे आणि पहिल्या तीन महिन्यांचा खर्च ह्या निधीने परत न मागता द्यावा. मंडळाच्या कचेरीत आठवड्यातून एक सायंकाळ कोणी जाणत्याने बसावे आणि कोणत्या परीक्षेचा अर्ज कधी भरावयाचा, उत्पन्नाचा दाखला केव्हा काढावयाचा, यंदा कोणती योजना चालू आहे, हे संस्थेत चौकशी करून सांगावे. बसावयास दुसरे कोणी न मिळाल्यास आम्ही बसू. निवृत्त माणसाला सायंकाळी तसेही काम नसते. आणि उमेदवारीसह पूर्ण मुदतीचे शिक्षण ह्या तालुक्यातील मुलांना जवळ मिळावे, शिकून गेलेल्यांचा वर्षानंतरचा हिशेब प्रसिद्ध व्हावा, असे निवेदन मंडळाने शासनास द्यावे. निधीच्या आरंभासाठी आम्ही आमचे एक महिन्याचे निवृत्तिवेतन आजच कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करतो. ही देणगी नव्हे. १९९१-९२ साली जो अर्ज आमच्या बोलण्याने खिशात गेला, त्याचे हे उशिरा भरलेले टपालहंशील समजावे.

शेवटी मातापित्यांना एकच विनंती. मुलाने किंवा मुलीने असा अर्ज समोर ठेवला तर त्यावर लगेच मत देऊ नये. दुपारची आपली पंगत आठवावी. पान वाढणाऱ्या पोराकडे आपण कौतुकाने पाहत होतो, त्याच नजरेने तो अर्ज पाहावा.