चुनखडी, भट्टी आणि आपला श्वास
(मानोरा येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात शिक्षण, वसतिगृह आणि विवाहातील खर्च या विषयांवर बोलण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. यंदा विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस मिळाली, तेव्हा आम्ही चुनखडीचा विषय घेतला. समारंभाच्या दिवशी हा विषय कोणास रुक्ष वाटेल. परंतु ज्या वस्तूवर आपल्या पूर्वजांनी संसार चालविले, त्या वस्तूपासून शरीराचे रक्षण कसे करावे हे आपल्याच मंडळींत कोणी सांगू नये, हे आम्हांस बरे वाटत नाही.

चुना, कोळसा आणि मीठ या तीन वस्तूंशी लोणारी हे नाव पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले आहे. दगड बेलदाराने फोडावा, भिंत गवंड्याने रचावी, आणि दगडाला दगड चिकटविणारा चुना आपल्या भट्टीतून यावा, अशी ती व्यवस्था होती. महाराष्ट्रातील गड, वाडे, विहिरी आणि घाट या चुन्याच्या आधाराने उभे राहिले. मुंबईत चुनाभट्टी नावाचा एक भागच आहे. या गोष्टीचा अभिमान आपण अवश्य बाळगावा.

आपला मानोऱ्याचा मुलूख काळ्या पाषाणाचा. येथे चुनखडकाचे थर नाहीत. नाल्याच्या काठी आणि काळ्या मातीत सापडणारा चुनकंकर हीच येथील सामग्री. परंतु आपल्या अरुणावतीचे पाणी पैनगंगेला मिळते, आणि पैनगंगा पुढे वणी व कोरपना या तालुक्यांकडे वाहत गेली की भूमीचा रंग पालटतो. तेथील चुनखडकाचे थर अतिप्राचीन असून भूशास्त्रज्ञांनी त्यांना पैनगंगेचेच नाव दिले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील राजूर चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाते, तर चंद्रपूर जिल्ह्यात अवारपूर, गडचांदूर या गावी सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. सिमेंट तरी काय आहे? चुनखडक आणि माती एकत्र भाजून केलेले चुन्याचेच ते पुढचे रूप. इंग्लंडातील जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली त्याचे पेटंट घेतले, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या भट्ट्या एकामागून एक विझत गेल्या. म्हणजे चुना आपल्यापासून दूर गेला असे नव्हे, त्याने केवळ वेष पालटला. ज्यांच्या आजोबांनी भट्टी राखली, त्यांचे नातू आज खाणीत, कारखान्यात, गिट्टीच्या यंत्रावर नाहीतर गवंड्याच्या हाताखाली काम करीत आहेत.

आता वस्तूचा स्वभाव पाहू. चुनखडक हा मूळचा शांत पदार्थ. तो सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला म्हणजे त्यातील कर्बवायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. शुद्ध चुनखडक १०० किलो घेतला, तर कळी ५६ किलो मिळते आणि ४४ किलो वायू हवेत जातो. ही कळी पाण्यासाठी तहानलेली असते. पाणी मिळताच ती फुटते, उकळते आणि विरते. अशा रीतीने दगड, कळी आणि विरलेला चुना ही एकाच वस्तूची तीन रूपे झाली. परंतु तिघांपासून होणारा अपाय निरनिराळा आहे, आणि घोटाळा होतो तो येथेच.

कळीचा अपाय तत्काळ दिसतो. घामाने भिजलेल्या अंगावर ती पडली की तेथेच विरू लागते आणि कातडी भाजते. डोळ्यात गेली तर तिची दाहकता आत आत शिरत जाते. आम्लाने होणाऱ्या जखमेपेक्षाही ही जखम पुष्कळदा खोल असते, आणि बुबुळ कायमचे पांढरे पडण्याचा संभव असतो. विरलेला चुना थंड दिसतो म्हणून तो निरुपद्रवी समजू नये. त्याचा दाहक गुण कायमच असतो. यावर पहिला उपाय एकच, तो म्हणजे पाणी. डोळ्यात चुना जाताच डोळा न चोळता पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेने निदान २० मिनिटे धुवावा, पापणीखाली अडकलेले कण निघू द्यावेत, आणि मगच दवाखान्याची वाट धरावी. आधी दवाखाना आणि मग पाणी, असा क्रम झाला तर डोळा वाटेतच जातो. चुना हा आम्लाच्या उलट गुणाचा म्हणून कोणी लिंबू पिळतात. तसे करणे म्हणजे जखमेवर जखम करणे होय. अंगावर कोरडी कळी पडली असेल तर ती प्रथम झटकून काढावी, चुना लागलेले कपडे उतरवावेत आणि मग भरपूर पाणी ओतावे.

चुना विरवताना पाण्यात कळी थोडी थोडी सोडावी. कळीच्या ढिगावर एकदम पाणी ओतू नये. पाणी गरम नसावे, भांडे झाकलेले नसावे, आणि तोंड हौदावर वाकलेले नसावे. कळीची पोती गवत, सरपण वा कडबा यांच्या शेजारी ठेवू नयेत. पावसाचे पाणी पोत्यात शिरले तर त्या उष्णतेने आग लागते. आणि भगिनींनो, एक गोष्ट खास आपल्यासाठी. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी वा नळी लहान मुलाच्या हाती लागली, त्याने ती दाबली, आणि चुना थेट डोळ्यात उडाला, अशी मुले नेत्रवैद्यांकडे वारंवार येतात. चंचीतले चुनाळे आणि दुकानातली पुडी ही औषधाप्रमाणे उंच ठेवण्याची वस्तू आहे.

भट्टीचा दुसरा अपाय डोळ्यांना दिसत नाही. आत्ताच सांगितलेला ४४ किलो वायू हवेपेक्षा जड असतो आणि खोलगट जागी साचतो. कोळसा अर्धवट जळला तर त्यातून निघणारा विषारी वायू तर वासानेही ओळखू येत नाही. थंडीच्या रात्री उबेसाठी भट्टीच्या कडेला अंथरूण टाकणारा मनुष्य सकाळी उठत नाही, तो याच कारणाने. भट्टीजवळ निजू नये, एकट्याने खाली उतरू नये, आणि कोणी आत कोसळलेला दिसला तर मदतीला हाक मारल्यावाचून आत उडी घेऊ नये. अशा प्रसंगी वाचवावयास गेलेलाही पुष्कळदा बळी पडतो.

परंतु या दोन्हींपेक्षा आम्हांस अधिक भय वाटते ते धुळीचे. कारण ती भाजत नाही, लगेच मारीत नाही, आणि म्हणूनच तिची कोणी भीती बाळगीत नाही. शुद्ध चुनखडकाची धूळ नाक, घसा आणि डोळे यांस त्रास देते, तरी ती फारशी प्राणघातक नाही. पण निसर्गात शुद्ध चुनखडक क्वचितच मिळतो. त्यात गारेचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेचा, कमीअधिक अंश असतो, आणि खरा शत्रू तो आहे. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक असे त्याचे कण फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात आणि तेथे गाठी धरू लागतात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. बहुधा दहा-वीस वर्षे काहीच जाणवत नाही. मग चढ चढताना धाप लागते, कोरडा खोकला येतो, आणि पुढे अंथरुणावर पडूनही श्वास पुरत नाही. झालेला अपाय भरून काढणारे औषध नाही. अशा फुफ्फुसाला क्षयही लवकर जडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९७ साली या सिलिकेच्या धुळीची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली आहे.

कोणत्या खाणीच्या दगडात हा अंश किती, हे डोळ्यांनी कळत नाही, तपासणीनेच कळते. म्हणून सर्वच धूळ घातक मानून वागावे हे शहाणपणाचे. दगडावर पाणी मारून मगच तो फोडावा वा कापावा, जमीन कोरडी झाडू नये, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. तोंडाला गुंडाळलेला पंचा मोठी धूळ अडवितो, बारीक धूळ अडवीत नाही. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा, गाळणीचा मुखवटाच हवा. कामावरून सुटल्यावर गुळाचा खडा खाल्ला की छातीतली धूळ निघून जाते, असा समज पुष्कळांत आहे. गूळ आनंदाने खावा, पण त्याच्या भरवशावर धुळीत उभे राहू नये. आणि कामाचे कपडे घरात झटकू नयेत. ते झटकणाऱ्या गृहिणीच्या आणि शेजारी खेळणाऱ्या लेकराच्या छातीतही तीच धूळ जाते.

गवंडीकाम करणाऱ्या बांधवांसाठी एक शब्द. ओले सिमेंटही चुन्यासारखेच दाहक असते. ओल्या कामावर गुडघे टेकून तासन्‌तास बसल्यास कातडी नकळत भाजते, आणि त्यातील क्रोमियमच्या अंशामुळे काहींच्या हातांना न हटणारी खरूज-चिरटी होते. रबरी हातमोजे, गमबूट आणि काम संपताच साध्या पाण्याने हातपाय धुणे, एवढ्याने पुष्कळ त्रास टळतो.

इटलीतील रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि आपल्या व्यवसायबंधूंना सांगितले की, रोग्यास इतर प्रश्नांबरोबर ‘तू काम कोणते करतोस?’ हेही विचारा. तीन शतके लोटली, तरी हा प्रश्न पुष्कळदा विचारला जात नाही. तेव्हा तो विचारला जाण्याची वाट न पाहता आपणच सांगावे: मी इतकी वर्षे भट्टीवर होतो, इतकी वर्षे गिट्टीच्या यंत्रावर होतो. कारण हे न सांगितल्यास सिलिकोसिसला क्षय समजले जाते, त्याचीच औषधे दिली जातात, आणि मूळ कारण कागदावर येतच नाही.

कागदावर येणे का महत्त्वाचे? १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने सिलिकोसिस हा रोग सरकारला कळविणे बंधनकारक केले. १९५२ साली खाणींसाठी कायदा झाला. हे व असे एकूण १३ कायदे एकत्र करणारी संहिता २०२० साली संसदेने संमत केली. नागपुरात खाणकामगारांच्या आरोग्याची स्वतंत्र संस्था होती; तिचे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीनीकरण करण्यास २०१९ साली केंद्र सरकारने मान्यता दिली. आपल्या राज्यात इमारत व इतर बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० या वयाच्या आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगारास तेथे नोंद करता येते. ही सर्व दारे आहेत, पण रोगाचे आणि कामाचे नाव कागदावर नसेल तर त्यांपैकी एकही उघडत नाही.

आणि येथेच आम्हांस मन घट्ट करून एक गोष्ट बोलावी लागते. घरातल्या कर्त्या पुरुषाला धाप लागली की आपण ती लपवितो. ‘छातीचा रोग’ हा शब्द बाहेर गेला तर मुलीचे लग्न जमणार नाही, ही धास्ती त्यामागे असते. बंधूंनो, सिलिकोसिस संसर्गाने होत नाही आणि वारशानेही येत नाही. तो श्रमाचा रोग आहे, कुळाचा नव्हे. ज्याने दगड भाजून दुसऱ्यांची घरे बांधली, त्याच्या आजाराची लाज त्याच्या घराने का वाटून घ्यावी? जोडीला क्षय झालाच असेल, तर तो उपचाराने बरा होतो. लपविल्याने मात्र घरभर पसरतो. सोयरीक जुळविताना असे कारण पुढे करणाऱ्यास ज्ञातीनेच समजावून सांगावे, अशी आमची विनंती आहे.

संस्थेला आमच्या तीन नम्र सूचना आहेत. बाहेरगावी खाणीत, भट्टीवर वा बांधकामावर गेलेल्या प्रत्येक सभासदाच्या कामाची आणि वर्षांची नोंद एका वहीत ठेवावी. पुढील मेळाव्याच्या दिवशी छातीच्या तपासणीची सोय करावी. आणि ज्या घरी कोणी धुळीच्या कामावर जातो, त्या घरी संस्थेकडून एक चांगला मुखवटा व एक डोळ्यांचा चष्मा भेट जावा. हारतुऱ्यांवर होणाऱ्या खर्चातूनही एवढे सहज निघेल.

आपल्या वाडवडिलांनी कळी कधी फुटेल आणि चुना कधी मुरेल हे मुलांना हाताला धरून शिकविले. ती विद्या अर्धी होती, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या काळी जे ठाऊक होते ते सर्व त्यांनी दिले. आज त्याहून अधिक ठाऊक झाले आहे, तेव्हा ते पुढच्या पिढीच्या हाती देणे हा आपला वाटा आहे.